जुन्या फ्यूजबोर्डाच्या जागी डीबी बसवताय? आधी अर्थिंग बघा

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच घरांत मीटरशेजारी अजून ती लाकडी फळी असते. तिच्यावर लोखंडी मेन स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि मागे तारांचा गुंता. फ्यूज उडाला की घरातलं कुणीतरी स्टुलावर चढतं, हाताला लागेल त्या वायरमधून तांब्याचे दोन पदर काढतं, पिळून बसवतं आणि पंखा सुरू होतो. ५ अँपिअरला वितळायला हवी ती तार आता २५ अँपिअरलाही तग धरते, आणि तिच्याऐवजी भिंतीतली वायर तापत राहते. हा बोर्ड काढून डीबी, म्हणजे एमसीबींची (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणाऱ्या स्विचांची) पेटी, बसवायचा विचार चांगलाच आहे. पण बहुतेक जण नवी चकचकीत पेटी बसवतात आणि अर्थिंगकडे, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या जोडणीकडे, ढुंकून बघत नाहीत. गिझरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्या पेटीतली एकही एमसीबी पडणार नाही, अशी घरं गावोगाव आहेत. ते का, हे पुढे आकड्यांत दाखवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. बोर्ड बदलायचं काम परवानाधारक वायरमनचं किंवा विद्युत ठेकेदाराचं आहे, तुमचं नाही. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या तारा जिवंतच असतात. हा लेख घरमालकासाठी आहे: आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं कसं, वायरमनला काय विचारायचं आणि काम झाल्यावर काय तपासून घ्यायचं.

पायरी १ : आहे ते कागदावर उतरवा

वही घ्या आणि घरभर फिरा. कुठल्या खोलीत काय चालतं ते लिहा. दिवे-पंखे एकीकडे, जड उपकरणं दुसरीकडे: गिझर, एसी, ओव्हन, इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इंडक्शन शेगडी. वॅटला २३० ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. २ किलोवॅटचा गिझर म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ३ किलोवॅटचा म्हणजे १३. मग वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. सकाळी गिझर, इंडक्शन आणि मोटर एकदम चालत असतील आणि मंजूर भार १ किलोवॅटच असेल, तर डीबीच्या आधी वितरण कंपनीकडे भार वाढवण्याचा अर्ज करा.

मीटर, त्याचं सील आणि मीटरपर्यंत येणारी केबल ही वितरण कंपनीची. तिथे तुमच्या वायरमननेही हात लावायचा नाही. सील तुटलेलं सापडलं तर विद्युत कायद्याखाली संशय थेट तुमच्यावर येतो, मग कारण कितीही सरळ असो. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं.

फळीवर आणखी एक गोष्ट शोधा. जुन्या पद्धतीत फेजलाही (करंट आणणारी जिवंत तार) फ्यूज आणि न्यूट्रललाही (तो परत नेणारी तार) फ्यूज असे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे बंद पडतात, माणसाला वाटतं लाईट गेली, आणि तो होल्डरला हात लावतो. फेज मात्र तिथे हजर असते. नुसत्या न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवायचा नसतो. तुमच्याकडे तसा असेल तर बोर्ड बदलायला एवढं कारण पुरे.

वायर ॲल्युमिनियमची आहे का तेही बघून घ्या, म्हणजे वायरमनला बघायला सांगा. एकेकाळी घरोघरी तीच असे. ती स्क्रूखाली दबून सैल होते, वाकवली की तुटते, आणि तांब्याशी थेट जोडली तर सांध्यावर गंजते. अशा घरात नुसती डीबी बदलून भागत नाही, निदान जड उपकरणांच्या लाइन नव्याने ओढाव्याच लागतात.

पायरी २ : अर्थिंग खरंच आहे का?

थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक म्हणजे अर्थ. समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. वरचं भोक आहे म्हणून मागे वायर आहेच असं मुळीच नाही. कित्येक ठिकाणी ते रिकामं असतं. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी ‘शहाण्याने’ तिथे न्यूट्रलचीच तार वळवून लावलेली असते. असं सॉकेट रोज नीट चालतं. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटतो त्या दिवशी फ्रिजच्या दारावर २३० व्होल्ट येऊन बसतात.

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. दुकानात मिळतो, सॉकेटमध्ये खोचायचा, दिव्यांची जुळणी बघायची. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ जोडलेला आहे का, एवढं तो सांगतो. पण त्याच्या ‘ओके’वर विसंबू नका. अर्थिंग अगदी कमकुवत असलं तरी तो हिरवा कौल देतो, कारण त्याला दिवा लावायला नगण्य करंट पुरतो. न्यूट्रल वळवून केलेली फसवणूकही त्याला कळत नाही.

वायरमनच्या मल्टिमीटरवर तीन आकडे घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २२० ते २४०. फेज ते अर्थ जवळपास तेवढाच. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज ते अर्थ ९० किंवा १४० असा मधलाच, हलता आकडा आला तर अर्थची तार कुठेतरी अधांतरी आहे. न्यूट्रल ते अर्थ १५-२० च्या वर गेला तर अर्थ खराब आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. आणि त्याच सॉकेटवर इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच राहिला तर खूश होऊ नका. ते दोन्ही मागे एकत्र बांधलेले असण्याची दाट शक्यता आहे. सॉकेट उघडून बघायला लावा.

काही वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून दाखवतात: ‘बघा साहेब, पेटला, अर्थिंग फर्स्ट क्लास.’ त्यांना थांबवा. अर्थ तुटका असेल तर त्या बल्बमधून फेज घरभरच्या अर्थ वायरवर पसरते आणि त्या क्षणी वॉशिंग मशीनला टेकलेल्या माणसाला झटका बसतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर अर्थिंगचा खड्डा, म्हणजे अर्थची तार जमिनीत उतरते ती जागा, तुमचा एकट्याचा नसतो. इमारतीच्या मीटररूममधून जीआयची (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची पट्टी वर येते आणि प्रत्येक मजल्यावर तिचा फाटा निघतो. मीटररूममध्ये जाऊन ती डोळ्यांनी शोधा. तळाशी गंजून तुटलेली, रंगकामात सोडवून ठेवलेली किंवा तांब्याच्या भावामुळे गायब झालेली पट्टी सापडणं अजिबात दुर्मिळ नाही. तसं असेल तर विषय सोसायटीच्या सभेत न्या. एकट्याच्या फ्लॅटमध्ये तो सुटत नाही. जुन्या सल्ल्याप्रमाणे नळाच्या पाइपला अर्थ बांधायचा नाही. आता पाइप प्लॅस्टिकचे आहेत, आणि लोखंडाचे असले तरी मध्ये कुठे प्लॅस्टिकचा तुकडा आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

पायरी ३ : खड्डा, ओहम आणि ते आकडे

बंगला, वाडा, रो-हाउस किंवा गावाकडचं घर असेल तर अर्थिंगचा खड्डा बहुधा तुमच्याच अंगणात असतो. अर्थाचं टर्मिनल पुरवठादाराने द्यावं असं सुरक्षा नियमांत असलं तरी खांबावरून दोनच तारा घरात येताना तुम्ही बघितल्याच असतील.

आता हिशेब. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओहम. गिझरची कॉइल फुटून फेज पत्र्याला लागली तर २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर जमिनीतून वाहतील. गिझरवर १६ अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी आहे. तिला झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे किमान ८० अँपिअर. ३३ वर ती तापून, रमतगमत पडेल. तोवर गिझरच्या पत्र्यावर दीडशेहून जास्त व्होल्ट उभे. आणि हा झाला चांगला खड्डा! उन्हाळ्यात कोरडा पडून ४० ओहमवर गेलेला खड्डा घ्या: २३० भागिले ४२, साडेपाच अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड आहे. ती कधीच पडणार नाही. पत्रा २१९ व्होल्टवर, मीटर फिरतंय, बिल वाढतंय आणि बादलीत कुणीतरी हात घालतंय.

म्हणून आरसीसीबी लागते. जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत ताडून बघते आणि फरक ३० मिलिअँपिअरला पोचायच्या आत किंवा पोचताच तोडते. वरच्या दोन्ही उदाहरणांत ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली असती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. दुकानदार १०० किंवा ३०० ची पुढे करेल, ‘ही वारंवार पडत नाही’ म्हणेल. माणूस वाचवायला ३० चीच घ्या.

मग आरसीसीबी असताना खड्ड्याची कटकट कशाला? कारण अर्थच नसेल तर गळती वाहायला वाटच नाही. पत्रा जिवंत होऊन शांत बसतो आणि पहिला मार्ग तुमच्या अंगातून तयार होतो. आरसीसीबी तेव्हा पडेल, पण झटका देऊन. अर्थ चांगला असेल तर दोष झाल्याक्षणीच पडेल, तुम्ही हात लावायच्या आधी. शिवाय आरसीसीबी हे यंत्र आहे, अडकूही शकतं.

खड्डा मोजायला अर्थ टेस्टर लागतो. मेन बंद करून घराकडे जाणारी अर्थची तार खड्ड्यापाशी सोडवायची, दूरवर दोन खुंट्या ठोकायच्या, एक करंटची आणि तिच्या अंतराच्या साधारण ६० टक्क्यांवर दुसरी व्होल्टेजची, आणि वाचन घ्यायचं. मधली खुंटी थोडी मागेपुढे सरकवून आकडा फारसा बदलत नसेल तरच तो खरा. शहरात खुंट्या ठोकायला जागा नसते, तिथे लूप टेस्टर वापरतात. वायरमनकडे यांपैकी काहीच नसेल तर ठेकेदाराकडून मागवायला सांगा. ‘मी तीस वर्षं खड्डे करतोय’ हे वाचन नव्हे. घरासाठी ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम; खडकाळ जागी ८-१० वर मी आरसीसीबीच्या भरवशावर समाधान मानेन, त्यापुढे नाही. मोजायची वेळ एप्रिल-मे. पावसाळ्यात कुठलाही खड्डा पास होतो.

नवीन खड्डा करायचा असेल तर भारतीय मानक आयएस ३०४३ मधली मापं लक्षात ठेवा: जीआय पाइप आतून किमान ३८ मिलिमीटर, लांबी किमान अडीच मीटर, भिंतीपासून किमान दीड मीटर लांब. मीठ आणि कोळशाचे थर ही जुनी पद्धत अजून चालते, पण मीठ पाइपलाच खातं आणि पावसात वाहून जातं. खर्च परवडत असेल तर तांब्याचा लेप दिलेला रॉड बसवून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत ओल असते तोवर काम छान होतं. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि पाइपपासून सुटते. कोकणातला जांभा आणि घाटमाथ्यावरचा मुरूम-कातळ मुळातच हट्टी. तिथे एका खड्ड्यावर अडून न राहता दोन खड्डे करून तारेने जोडा. दोघांत रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर दुसऱ्याचा फायदा अर्धाही मिळत नाही. वर झाकणाचं चेंबर हवंच. फरशीखाली गाडून टाकलेला खड्डा पुढे कुणीही मोजत नाही.

पायरी ४ : जुन्या वायरची परीक्षा

डीबी मागवायच्या आधी प्रत्येक लाइन मेगरने (वायरच्या आवरणातून गळती होते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. सगळे बल्ब, प्लग काढून ५०० व्होल्टवर फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल. १ मेगाओहमच्या खाली येणारी लाइन नव्या डीबीला जोडायची नाही. ओल आलेल्या भिंतीतली आणि उंदरांनी कुरतडलेली वायर इथेच सापडते. हे न करता आरसीसीबी बसवली की ती पहिल्याच दिवशी पडते, वायरमन तिला बायपास करतो, आणि पुढची वीस वर्षं ती पेटीत शोभेला राहते.

पायरी ५ : पेटीत काय घालायचं

आज ८ लाइन लागत असतील तर १२ वेची (१२ जागांची) पेटी घ्या. एसी, इन्व्हर्टर, उद्या गाडीचं चार्जर, काहीतरी येतंच. दुहेरी दाराची, पत्र्याची, आयएसआय चिन्हाची. आत सुरुवातीला डबल पोल आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) किंवा मेन एमसीबी, मग आरसीसीबी, मग एकेक लाइनची एमसीबी.

एमसीबीचं रेटिंग उपकरणावरून नव्हे, वायरवरून ठरतं. दिवे-पंख्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरला ६ किंवा १० अँपिअर. सॉकेटच्या २.५ ला १६. एसी किंवा मोठ्या गिझरच्या ४ ला २० ते २५. ‘१६ ची सारखी पडते, ३२ ची टाका’ असं कुणी सुचवलं तर तो तुम्हाला पुन्हा जाड तारेच्या किटकॅटकडे नेतोय. अर्थची वायरही फेजच्याच जाडीची आणि हिरवी.

आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून तिचं अँपिअर रेटिंग मेन एमसीबीइतकं किंवा जास्त हवं. मेन ४० ची तर आरसीसीबी ४० किंवा ६३. शक्य असेल तर दोन घ्या. एकीवर सॉकेट, गिझर, मोटर. दुसरीवर दिवे, पंखे, फ्रिज. रात्री मोटर भिजून एक पडली तरी जिना अंधारात जात नाही. इन्व्हर्टर एसी आणि हल्लीची वॉशिंग मशीन असतील तर ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारची मागा. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीचा आकार वेगळा असतो आणि साधीला ती नीट कळत नाही. वळवाच्या विजांनी दरवर्षी टीव्ही जात असेल तर सर्ज प्रोटेक्टरही बसवा, पण तो चांगल्या अर्थवरच काम करतो.

पायरी ६ : कामाचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा, उजेडात संपलं पाहिजे. पुरवठा मीटरनंतरच्या कटआउटवर किंवा मेनवर तोडायचा. तोडायला जागाच नसेल तर वितरण कंपनीला अर्ज देऊन खांबावरून बंद करून घ्यायचा. ‘चालू लाइनवरच करतो, सवय आहे’ याला सरळ नाही म्हणा. पाण्याची टाकी आधी भरून ठेवा आणि इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवा. मेन बंद असताना घरात जिवंत फेज आणणारा तोच असतो.

तुमची नजर तीन गोष्टींवर हवी. एक, तारांच्या टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) दाबलेत का आणि स्क्रू शेवटी पुन्हा एकदा आवळलेत का. डीबी जळण्याचं नेहमीचं कारण सैल स्क्रू हेच. दोन, अर्थच्या सगळ्या तारा अर्थ पट्टीवर, न्यूट्रलच्या न्यूट्रल पट्टीवर, आणि दोन आरसीसीबी असतील तर न्यूट्रल पट्ट्याही दोन वेगळ्या. तीन, प्रत्येक एमसीबीखाली नाव: ‘स्वयंपाकघर सॉकेट’, ‘मागचा गिझर’. वायरमन ‘नंतर लिहू’ म्हणेल. पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या.

पायरी ७ : सुरू केल्यावर

पहिलं आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबा. पडायलाच हवी. मात्र हे बटण यंत्राच्या आतली फेज-न्यूट्रलची परीक्षा घेतं. अर्थिंग मुळातच नसलेल्या घरातही ते छान काम करतं, त्यामुळे बटण दाबून ‘अर्थिंग ओके’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. अर्थसाठी पायरी दोनचे तीन आकडे प्रत्येक थ्री-पिनवर पुन्हा घ्यायचे. मग गिझर, इस्त्री, ओव्हन तासभर एकत्र चालवा आणि दार उघडं ठेवून वायरमनकडून एमसीबी तापतायत का ते बघून घ्या. करपल्याचा वास आला तर लगेच मेन बंद.

खड्ड्याचा ओहम, मेगरची वाचनं, तारीख आणि ठेकेदाराची सही-शिक्का एका कागदावर घेऊन डीबीच्या दारात आतून चिकटवा. ‘टी’ बटण तीन महिन्यांनी, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी नक्की. खड्डा दर उन्हाळ्यात मोजायचा आणि फेब्रुवारीपासून आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं.

आरसीसीबी सारखी पडत असेल तर

नव्या डीबीनंतर येणारी ही हमखास तक्रार. सगळ्या एमसीबी पाडा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी चढवा. जिच्यावर पडते ती लाइन दोषी. तिच्यावरचे प्लग काढून पुन्हा बघा. उपकरणं काढल्यावर थांबली तर गिझरची कॉइल, पाण्यातली मोटर किंवा जुना फ्रिज यांच्यावर संशय घ्या. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर दोष न्यूट्रलमध्ये, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते.

दोष कुठेच सापडत नसेल तर इन्व्हर्टर बघा. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज वेगळा ओढतात आणि न्यूट्रल घरातल्या जुन्याच तारेला बांधतात. गेलेला करंट एका वाटेने आणि परतणारा दुसऱ्या, मग आरसीसीबीला ती गळतीच वाटते. अशा वेळी इन्व्हर्टरच्या लाइनसाठी स्वतंत्र न्यूट्रल ओढणं हाच उपाय. काम कंटाळवाणं आहे, एखादी भिंतही फोडावी लागते, आणि वायरमन त्याऐवजी आरसीसीबी काढून टाकायचं सुचवेल. काढू देऊ नका. न्यूट्रल ओढून होईपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवून मेणबत्तीवर भागवा.